साच्यातले ग्रीक वाडगे: चांदी वितळली, मातीची नक्कल उरली

ग्रीक भांडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ती काळ्या-केशरी रंगातली उंच भांडी येतात, ज्यांच्यावर हेराक्लिस सिंहाशी झुंजतोय, कुणी रथ हाकतोय वगैरे. पण अथेन्समधली ती चित्रं काढायची परंपरा इ.स.पू. ३०० च्या आसपास संपली, आणि पुढे साधारण दोन-अडीचशे वर्षं ग्रीक लोक ज्या भांड्यातून वाइन प्यायचे त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र त्या काळातलंच एक भांडं सगळ्यात जास्त आवडतं, ते म्हणजे साच्यातून काढलेला नक्षीदार वाडगा, आणि आज त्याच्याबद्दलच लिहितोय.

आधी तो दिसतो कसा ते सांगतो. नारळाची अर्धी कवटी असते तेवढाच गोल आकार, तोंडाशी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर रुंद, भिंत पातळ. कान नाही, बुडाला कडं नाही, त्यामुळे टेबलावर ठेवला तर किंचित डुलतो. आतून एकदम गुळगुळीत. बाहेरून मात्र काठाच्या खालपासून बुडापर्यंत सगळी उठावाची नक्षी, बोट फिरवलं तर जाणवेल अशी. बुडाच्या मधोमध एक गोल पदक, त्यात बहुतेक वेळा फूल, कधी एखादा मुखवटा. त्या पदकाभोवती पानं वर चढत जातात, पानांच्या मध्ये पक्षी, छोटे पंखवाले इरोस म्हणजे प्रेमदेव, एखाद्या मोठ्या भांड्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिलेले दोन बोकड, शिकारी, नाचणाऱ्या बायका. वर काठाजवळ वेलबुट्टीची एक बारीक पट्टी, आणि त्याच्या वर साधा मोकळा काठ, कारण ओठ तिथे लागणार. सगळ्यावर काळा किंवा काळपट लेप. अथेन्सच्या चांगल्या वाडग्यांवर काठाखाली आणि पदकाभोवती लेप खरवडून एक बारीक रेघ काढलेली असते, तिच्यात खालच्या मातीचा रंग दिसतो, कधीकधी त्या रेघेत गेरूसारखा लाल रंग भरलेला असतो. एवढीशी रेघ, पण तिच्यामुळे अख्खा वाडगा उठून दिसतो.

यांना पुस्तकांमध्ये 'मेगारियन वाडगे' म्हणतात. हे नाव एकोणिसाव्या शतकात ऑटो बेनडॉर्फ या अभ्यासकाने रूढ केलं, कारण तेव्हा माहीत असलेले काही नमुने अथेन्सच्या पश्चिमेला असलेल्या मेगारा गावातून आलेले होते. मेगारा हे काही यांचं माहेर नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आजही म्युझियमच्या पाट्यांवर दिसतं. हल्ली अभ्यासक सरळ 'साच्यातले वाडगे' म्हणतात, तेच आपण वापरू.

आता बनवायचे कसे. हा भाग नीट समजला ना, की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कुंभार आधी चाकावर एक जाड भिंतीचा वाडगा काढायचा. हा वापरायचा वाडगा नाही, हा साचा. त्याची आतली बाजू अगदी गुळगुळीत करायची आणि मग तो अर्धवट सुकू द्यायचा, म्हणजे माती दाबली तर दबेल पण बोटाला चिकटणार नाही आणि आकारही मोडणार नाही, इतपत. आता कुंभाराकडे छोट्या छोट्या ठशांचा संच असायचा, हे ठसेसुद्धा भाजलेल्या मातीचेच, एका ठशावर एक पान, एकावर एक इरोस, एकावर बोकड. ते एकेक करून साच्याच्या आतल्या भिंतीत दाबत जायचं. ठशावर चित्र उंच, म्हणून साच्यात ते खोल उमटतं, आणि साच्यातून जो वाडगा निघेल त्यावर परत उंच येतं. देठ, वेलींचे वळसे, अशा गोष्टी ठशाने न करता टोकदार काडीने थेट साच्यात कोरायच्या. मग साचा भट्टीत भाजून पक्का करायचा.

त्यानंतरचं काम पटापट होणारं. भाजलेला साचा चाकावर बरोबर मधोमध बसवायचा, आत मऊ मातीचा गोळा टाकायचा, चाक फिरवत आतून दाबत दाबत माती साच्याच्या भिंतीवर पसरवायची, म्हणजे ती प्रत्येक खाचेत शिरते. जास्तीची माती साच्याच्या काठाच्या वर ओढून घ्यायची, तोच वाडग्याचा साधा काठ. नुसत्या हाताने केलेला एवढाच भाग. मग थांबायचं. भाजलेला साचा ओल्या मातीतलं पाणी शोषून घेतो, माती सुकते, सुकताना आकसते, आणि आकसली की वाडगा साच्यापासून स्वतःहून सुटतो, उलटा केला की अलगद बाहेर. मोदकाच्या साच्यातून उकड सुटते ना, तसंच, फक्त इथे साचा उघडावा लागत नाही, आणि वाडग्याला कान किंवा बुडाचं कडं का नाही त्याचं कारणही हेच, की तळापासून काठापर्यंत रुंदच होत गेलेला आकार असेल तरच तो न अडकता सरळ बाहेर येतो. कान, कडं नंतर चिकटवता आलं असतं, काही ठिकाणी चिकटवलंही, पण त्यात वेळ जातो आणि मग साच्याचा फायदा काय राहिला!

शेवटी अगदी बारीक गाळलेल्या मातीच्या पातळ घोळात तो वाडगा बुडवायचा आणि भाजायचा. भाजणं तीन टप्प्यांत. आधी भट्टीत हवा खेळती ठेवून, तेव्हा सगळं लाल होतं. मग हवा बंद करून ओलं लाकूड वगैरे टाकून धूर कोंडायचा, त्याने मातीतलं लोह काळं पडतं, आणि एवढ्या उष्णतेत तो पातळ लेप काचेसारखा घट्ट होऊन बसतो. मग परत हवा सोडायची, तेव्हा आतली सच्छिद्र माती पुन्हा लालसर होते पण घट्ट बसलेला लेप काळाच राहतो. रेघेतला लाल सोडला तर रंग काहीच लावलेला नाही, एकाच मातीचे दोन रंग निव्वळ हवेच्या खेळाने. हे तंत्र त्या जुन्या चित्रांच्या भांड्यांपासूनच चालत आलेलं. साच्याच्या वाडग्यांच्या काळात मात्र घाई वाढली होती, एकात एक रचून भाजायचे, त्यामुळे बऱ्याच वाडग्यांवर अर्धा भाग काळा, अर्धा तपकिरी किंवा लाल असं दिसतं, बुडवताना धरलेल्या बोटांचे डागही काहींवर राहिलेत.

आता यात कौशल्य कुठे गेलं ते बघा. जुन्या चित्रांच्या भांड्यात प्रत्येक भांडं रंगवायला हात कसलेला लागायचा. इथे सगळी कला साच्यात आणि त्याहून जास्त ठशात. एक चांगला ठसा करणारा माणूस, त्याच्या ठशातून अनेक साचे, प्रत्येक साच्यातून ढीगभर वाडगे. म्हणून मग 'हे काय, छापील माल, कला उतरणीला लागली' असं जुने अभ्यासक म्हणायचे. मला ते पटत नाही. कला उतरली नाही, ती एका टप्प्याने मागे सरकली, आणि त्यामुळे जे चित्र पूर्वी एकाच्या घरात असायचं ते शंभरांच्या घरात गेलं.

ही नक्षी आली कुठून? चांदीतून. अलेक्झांडरनंतरच्या काळात टॉलेमी राजांच्या इजिप्तमध्ये, विशेषतः अलेक्झांड्रियात, चांदीचे असेच अर्धगोल वाडगे बनायचे, बुडाशी पदक आणि त्याभोवती नाईलमधल्या कमळांच्या पाकळ्या उठावात ठोकलेल्या. अशी भांडी इराणी राजांच्या दरबारातल्या जुन्या चांदीच्या वाडग्यांच्या वंशातली. अथेन्सच्या सुरुवातीच्या मातीच्या वाडग्यांवर जी कमळाची पाकळी दिसते ती अथेन्सच्या डबक्यातली नव्हे, ती त्या इजिप्शियन चांदीवरून आलेली. काही ठसे तर बहुधा सरळ धातूच्या भांड्यावर ओली माती दाबून, त्याची छाप घेऊन केलेले असावेत.

आता गंमत अशी की ती चांदी आज जवळजवळ नाहीच. इजिप्तच्या डेल्टात तूख एल-करमूस इथे सापडलेल्या खजिन्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या काळचं चांदीचं सामान कुणीतरी कधीतरी वितळवलं, त्याची नाणी झाली, दागिने झाले, परत भांडी झाली, परत वितळली. मातीचं भांडं फुटलं की त्याचं काहीच करता येत नाही, ते विहिरीत फेकायचं. आणि भाजलेलं खापर कुजत नाही, गंजत नाही. म्हणून राजवाड्यातल्या चांदीवर काय नक्षी होती हे कळायला आपल्याला आज फेकून दिलेल्या खापरांकडेच जावं लागतं.

हे वाडगे नेमके सुरू कधी झाले, हा प्रश्न अभ्यासकांनी जवळपास सगळं विसावं शतक घोळवला, आणि ती कथा मला एखाद्या तपासकथेपेक्षा कमी वाटत नाही. वाडग्यावर तारीख नसते. मग तारीख लावायची कशी, तर तो कशाबरोबर सापडला त्यावरून. अथेन्सच्या अगोरामध्ये, म्हणजे जुन्या बाजार-चौकात, अमेरिकन उत्खनन १९३१ पासून चालू आहे. तिथल्या घरांच्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्या निकामी झाल्या की लोक त्यात कचरा टाकून बुजवायचे, त्यामुळे प्रत्येक विहीर म्हणजे एका ठराविक काळाचा बंद डबा. होमर थॉम्पसन यांनी १९३४ मध्ये अशा काही साठ्यांवरून हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळातल्या भांड्यांचा पहिला पद्धतशीर क्रम लावला, आणि साच्यातल्या वाडग्यांची सुरुवात इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात धरली. खूप वर्षं सगळे तेच धरून चालले.

मग कोरोनी आलं. अथेन्सच्या पूर्वेला, पोर्तो राफ्तीच्या खाडीवर ही एक टेकडी आहे. १९६० मध्ये तिथे खणलं तेव्हा घाईघाईत बांधलेली एक लष्करी छावणी निघाली आणि टॉलेमी दुसरा याची बरीच नाणी. आता इतिहासात नोंद आहे की इ.स.पू. २६० च्या दशकात अथेन्सने मॅसिडोनियाच्या राजाविरुद्ध युद्ध केलं, त्यात मदतीला टॉलेमीचं आरमार आलं होतं. म्हणजे छावणी त्या वेळची, आणि थोडीच वर्षं वापरलेली. पण तिथली भांडी आणि वाइनच्या मोठ्या कुप्या तेव्हाच्या मान्य तारखांप्रमाणे कितीतरी आधीच्या ठरत होत्या! मोठा वाद झाला. काहींनी म्हटलं छावणीच जुनी असणार, काहींनी म्हटलं नाही, आपल्या भांड्यांच्या तारखाच चुकल्यात. आणि त्या छावणीत साच्यातला एकही वाडगा नव्हता, म्हणजे ते बहुधा त्यानंतरच सुरू झाले.

इथे वाइनच्या कुप्यांचं महत्त्व सांगायला हवं. ऱ्होड्स बेटावरची वाइन ज्या दोन कानांच्या मातीच्या कुप्यांमधून जायची त्यांच्या कानांवर शिक्का मारलेला असे, एका कानावर त्या वर्षीच्या सूर्यदेवाच्या पुजाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर कुपी बनवणाऱ्याचं, शिवाय महिनाही. पुजारी दरवर्षी बदलायचा, म्हणजे त्याचं नाव म्हणजे वर्षच. नावांचा क्रम लावता आला की तारखा हातात. व्हर्जिनिया ग्रेस या बाईंनी आख्खं आयुष्य या कानांवरच्या शिक्क्यांना दिलं, अगोरातले हजारो कान त्यांनी वाचून लावले. कोरोनीनंतर त्यांनी सगळा क्रम परत तपासला आणि १९७४ मध्ये आपल्याच तारखा अलीकडे सरकवल्या. आयुष्यभराचं काम असं स्वतःच्या हाताने हलवायला मोठं मन लागतं.

त्या नव्या तारखांवर उभं राहून सुझन रॉट्रॉफ यांनी १९८२ मध्ये अगोरातल्या साच्याच्या वाडग्यांचा मोठा ग्रंथ काढला, आजही या विषयात कुणालाही तिथूनच सुरुवात करावी लागते. त्यांनी सुरुवात ओढून आणली इ.स.पू. २२५ च्या जवळपास. आणि एक सुंदर कारणही सुचवलं. इ.स.पू. २२९ मध्ये अथेन्सने मॅसिडोनियाच्या फौजेच्या सेनापतीला १५० टॅलेंट (हे तेव्हाचं मोठं वजन) चांदी देऊन आपल्या बंदरातून ती फौज बाहेर काढली आणि शहर स्वतंत्र झालं. मग मित्र कोण, तर इजिप्तचा टॉलेमी तिसरा. त्याच्या नावाने अथेन्सने नागरिकांची एक नवी जमात, म्हणजे विभागणीतला नवा गट, स्थापन केली आणि 'टॉलेमाइया' नावाचा उत्सव सुरू केला, साधारण इ.स.पू. २२४ मध्ये. अशा उत्सवाला इजिप्तहून पाहुणे येणार, राजाच्या चांदीची भांडी येणार, ती शहरातले कुंभार बघणार, आणि तसं आपण मातीत करावं असं एखाद्याच्या डोक्यात येणार, असा रॉट्रॉफ यांचा तर्क. हा तर्कच आहे, पुरावा नाही, पण वेळ जुळते आणि कमळाची पाकळीही जुळते. २००६ मध्ये त्यांनी स्वतःच हा प्रश्न पुन्हा हातात घेतला आणि पहिले वाडगे थोडे आधीचे असू शकतात, घराघरात पोचायला मात्र काही वर्षं गेली, असं मांडलं. कुठलीही नवी वस्तू अशीच रुळते, एका दिवसात कुणी जुने कप फेकून देत नाही.

प्रकार बरेच आहेत, भरभर सांगतो. सुरुवातीला पाइनच्या फळासारखे खवल्यांचे वाडगे, मग एकावर एक चढलेल्या पानांचे, मग फुलापानांचे, मग आकृत्यांचे ज्यात देव, शिकार, नाच सगळं येतं. जाळीच्या नक्षीचे आहेत, मॅसिडोनियाच्या ढालीसारखी वर्तुळं असलेले आहेत. आणि शेवटी लांब पाकळ्यांचे, म्हणजे बुडापासून वर काठापर्यंत सरळ उभ्या पाकळ्या, बस्स. हा शेवटचा प्रकार दुसऱ्या शतकात आला आणि त्याने बाकीच्यांना मागे टाकलं, कारण उघड आहे, साच्यात सगळ्या पाकळ्या काडीने ओढून काढायच्या, ठशांचा संचच नको. सगळ्यात सोपा, सगळ्यात स्वस्त. मला स्वतःला तो रुक्ष वाटतो, पण तारीख लावायला तो फार कामाचा. रोमन सेनापती मुम्मियसने इ.स.पू. १४६ मध्ये कॉरिंथ उद्ध्वस्त केलं, तिथल्या कुंभारांचा धंदा तिथेच थांबला, आणि त्याच्या आधीच्या मालात लांब पाकळ्यांचे वाडगे आहेत. म्हणजे हा प्रकार १४६ च्या आधी चालू झालेला होता हे पक्कं. आणि एकदा हे पक्कं झालं की दुसरीकडे कुठल्याही थरात हा वाडगा मिळाला तर तो थर साधारण कधीचा हे लगेच सांगता येतं.

आता वापर. हे वाडगे पाणी मिसळलेली वाइन प्यायला होते, हातात तळव्यावर धरून. म्हणून नक्षी बाहेर आणि पदक बुडाला, पिणाऱ्याने वाडगा वर केला की समोर बसलेल्याला बूड दिसणार. अथेन्समध्ये यापूर्वी दोन कानांचे उंच कप चालायचे, ते हळूहळू मागे पडले. त्याच काळात वाइन आणि पाणी मिसळायची मोठी भांडीही घरांच्या कचऱ्यात कमी दिसायला लागतात, यावरून काही अभ्यासक म्हणतात की मोठ्या बैठकीत एकाच भांड्यातून सगळ्यांना वाढायची जुनी रीत बदलत होती, जो तो आपल्या वाडग्यात आपल्याला हवं तसं मिसळून घेत होता. खापरांवरून जेवणाखाण्याची पद्धत वाचता येते ती अशी.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रकार, तो म्हणजे 'होमरिक' वाडगे. हे बहुतेक उत्तरेकडचे, मॅसिडोनिया आणि थेसलीच्या भागातले. तंत्र तेच, पण यांच्यावर नुसती नक्षी नाही, गोष्ट आहे. वाडग्याच्या भोवती एकेक प्रसंग क्रमाने, आणि आकृत्यांच्या शेजारी नावं लिहिलेली, हा अगामेम्नॉन, हा अकिलिस. काहींवर तर प्रसंग कुठल्या काव्यातून घेतलाय तेही लिहिलंय. होमरच्या इलियड आणि ओडिसी या महाकाव्यांतले प्रसंग आहेत, युरिपिडीजच्या नाटकांतले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक आहे ज्यावर युरिपिडीजच्या 'इफिजेनिया' नाटकातले प्रसंग आहेत, तीच गोष्ट ज्यात अगामेम्नॉन आपल्या मुलीला अकिलिसशी लग्न लावतो म्हणून बोलावून घेतो आणि प्रत्यक्षात तिचा बळी द्यायचा असतो. कुणीतरी ही गोष्ट हातात धरून वाइन प्यायचं. त्या घरात पुस्तक असेल नसेल, पण वाडगा होता. १८९० मध्ये कार्ल रॉबर्ट या जर्मन अभ्यासकाने हे वाडगे पहिल्यांदा एकत्र करून छापले, आणि पुढे उलरिख झिन यांनी १९७९ मध्ये पूर्ण यादी केली.

पण यातले दोन वाडगे असे आहेत की त्यांच्यापुढे बाकी सगळे बाजूला ठेवावेत. ट्रोजन युद्धाबद्दल ग्रीकांकडे फक्त इलियड-ओडिसी नव्हती, पुढच्या-मागच्या गोष्टी सांगणारी आणखी महाकाव्यं होती. ती सगळी हरवली. कुठे चार ओळी, कुठे दहा ओळी, आणि नंतर कुणीतरी लिहून ठेवलेला गोषवारा, एवढंच उरलंय. त्यातलं एक 'छोटं इलियड', आणि दुसरं 'नोस्तोई', म्हणजे युद्धानंतर वीर घरी परतले त्याची गोष्ट. एका वाडग्यावर स्पष्ट लिहिलंय की हा प्रसंग कवी लेस्केसच्या छोट्या इलियडमधला. दुसऱ्यावर लिहिलंय की कवी आगियासच्या नोस्तोईमधून, अगामेम्नॉनचा मृत्यू. विचार करा, ज्या काव्याची एकही पूर्ण प्रत जगात कुठे नाही, त्यातला प्रसंग, कवीच्या नावासकट, एका स्वस्त मातीच्या वाडग्यावर टिकून राहिला. ग्रंथालयं जळली, पपायरस कुजले, आणि कुंभाराने ओल्या मातीत उमटवलेलं राहिलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मी 'छापील माल' हा शब्द या वाडग्यांसाठी वापरायचं सोडलं.

आता व्यापार. अथेन्सने सुरू केलं तरी सगळ्यात मोठा धंदा केला तो आशियाच्या किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या इफिससने. तिथला माल कुठे मिळाला, तर डेलॉस बेटावर. रोमने इ.स.पू. १६६ मध्ये डेलॉसला करमुक्त बंदर केलं आणि हे इवलंसं बेट एकदम व्यापाऱ्यांचा अड्डा झालं, इटलीचे, सिरियाचे, इजिप्तचे लोक तिथे घरं बांधून राहिले. मग इ.स.पू. ८८ मध्ये रोमचा शत्रू असलेल्या पोंटसच्या राजा मिथ्रिडेटीसच्या सैन्याने आणि ६९ मध्ये चाच्यांनी ते लुटलं, आणि त्यानंतर ते परत कधी नीट वसलंच नाही. त्यामुळे तिथल्या घरांमध्ये त्या काळचं सामान मोठ्या प्रमाणात राहून गेलं, त्यात वाडगे प्रचंड. आल्फ्रेड लोमोनिये या फ्रेंच अभ्यासकाने डेलॉसचे वाडगे कारखान्यांप्रमाणे वेगळे काढले आणि १९७७ मध्ये छापले. काही कारखान्यांची नावं आपल्याला माहीत आहेत कारण त्यांनी साच्यातच नाव टाकलं, मेनेमाखोस हे त्यातलं प्रसिद्ध. हे नाव साच्यात असल्यामुळे प्रत्येक वाडग्यावर आपोआप यायचं, म्हणजे मालावरच ब्रँड.

कारखाने ओळखायची रीत अशी, की एकच ठसा कुठल्या कुठल्या साच्यांत वापरलाय ते शोधायचं. एखाद्या इरोसच्या पंखाला बारीक चीर असेल तर ती चीर त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक वाडग्यावर येणार. असे दुवे जोडत जोडत रॉट्रॉफ यांनी अथेन्समध्येही बिऑन आणि अपोलोडोरस अशा नावांचे कारखाने वेगळे केले. पण सावध राहावं लागतं, कारण चोरी चालायची. शेजारच्याचा वाडगा विकत आणायचा, त्यावर ओली माती दाबायची, झाला आपला ठसा किंवा अख्खा साचा. ही चोरी पकडता येते ती मापावरून. माती सुकताना आणि भाजताना आकसते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे नकलेवरून केलेली नक्कल दरवेळी लहान होत जाते आणि नक्षीची धार बोथट होते. तोच इरोस एका वाडग्यावर मोठा आणि रेखीव, दुसऱ्यावर बुटका आणि चेहरा पुसलेला, असं दिसलं की समजायचं कोण कुणाच्या मागे आलं.

हळूहळू हे तंत्र काळ्या समुद्रापासून इटलीपर्यंत पसरलं. इटलीत उंब्रिया भागात पोपिलियस नावाच्या कुंभाराचा कारखाना असे वाडगे करून त्यावर लॅटिनमध्ये नाव टाकत होता. आणि मग इ.स.पू. पहिल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इटलीतल्या आरेझ्झो गावाने हेच साच्याचं तंत्र उचलून चकचकीत लाल लेपाची भांडी काढली, जी रोमन साम्राज्यभर गेली. त्या लाल भांड्यांपुढे जुने काळपट वाडगे टिकले नाहीत. आरेझ्झोच्या कारखान्यांत ठसे करणारे बरेचसे गुलाम होते, मार्कस पेरेनियसच्या कारखान्यात टिग्रानस, बार्गाथेस अशी पूर्वेकडची नावं शिक्क्यांवर दिसतात, म्हणजे तंत्राबरोबर माणसंही तिकडूनच आलेली असण्याची शक्यता मोठी.

आणि इथून धागा आपल्याकडे येतो. १९४५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला खणलं तेव्हा त्यांना याच आरेझ्झो जातीच्या लाल भांड्यांची खापरं मिळाली, काहींवर कुंभाराचा शिक्का. इटलीत या भांड्यांच्या तारखा पक्क्या झालेल्या होत्या, त्यामुळे अरिकामेडूच्या थरांना तारखा लागल्या, त्या थरांतल्या स्थानिक भांड्यांना लागल्या, आणि तीच स्थानिक भांडी दक्षिण भारतात इतरत्र जिथे जिथे मिळाली तिथल्या थरांनाही लागत गेल्या. पुढे अरिकामेडूची सुरुवात व्हीलर म्हणाले त्याच्याही आधीची असल्याचं पुढे आलं, पण दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाला पहिली घट्ट खुंटी मिळाली ती त्या लाल खापरांमुळेच.

कधी अथेन्सला गेलात तर अगोरामधल्या अटालोसच्या स्टोआत, म्हणजे खांबांच्या लांब ओवरीत, म्युझियम आहे, तिथे साचे आणि वाडगे दोन्ही बघायला मिळतात, बर्लिन आणि पॅरिसच्या मोठ्या म्युझियममध्येही वाडगे आहेत. बघताना पहिल्यांदा काठाखाली नजर टाका, जिथे नक्षी संपते आणि साधा काठ सुरू होतो तिथे साच्याची हद्द कळते. मग एकाच आकृतीचे सगळे छाप शोधा, वाडग्याभोवती तोच बोकड तीनदा-चारदा येतो, आणि ठसा दरवेळी थोडा तिरका किंवा थोडा जास्त दाबलेला असतो. कुठे कुंभाराचा अंदाज चुकून शेवटच्या दोन आकृत्या एकमेकांत घुसलेल्या असतात, कारण गोल फिरून परत सुरुवातीला येताना जागाच कमी पडली. आणि शेजारी साचा ठेवलेला असेल तर आधी साच्यात बघून आकृती ओळखायचा प्रयत्न करा, मग वाडग्यावर बघा, साच्यातलं खोल आणि आरशातलं असल्यासारखं उलटं चित्र वाचायला डोळ्यांना थोडा वेळ लागतो, पण त्या कुंभारांना ते सरावाने सरळच दिसत असणार.